फेटलेल्या कॉफीची कृती किती जणांसाठी, हे छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, उन्हाळी पेयांच्या पानावर, फेटलेल्या थंड कॉफीची कृती नुकतीच प्रसिद्ध झाली. इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी प्रत्येकी दोन मोठे चमचे घ्यावे, घट्ट फेस येईपर्यंत फेटावे आणि तो फेस थंड दुधावर घालून प्यावा, असा तिचा थोडक्यात मजकूर होता. या प्रमाणाने फेस उत्तम येतो, याविषयी शंका नाही. परंतु हे प्रमाण किती जणांसाठी आहे, याचा उल्लेख त्या मजकुरात कोठेही नाही आणि सोबतच्या छायाचित्रात मात्र एकच उंच पेला दाखवलेला आहे. ते पान वाचून कोणीही असेच समजेल की वाटीतला सगळा फेस एका माणसाने एका वेळी संपवायचा आहे. हे पत्र मी त्यासाठीच लिहीत आहे. मी अमळनेरची रहिवासी असून आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे. त्यामुळे मापाविषयीचा माझा आग्रह वाचकांना थोडा कडक वाटला, तरी तो अनाठायी नाही, हे पुढील हिशेबावरून लक्षात यावे.

पाककृतीतला मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरतात. तो सपाट भरला तर इन्स्टंट कॉफीची पूड साधारण ३ ते ४ ग्रॅम आणि साखर सुमारे साडेबारा ग्रॅम बसते. म्हणजे छापलेल्या कृतीत ६ ते ८ ग्रॅम कॉफी आणि २५ ग्रॅम साखर आहे. घरी एक कप साधी कॉफी करताना आपण दीड ते दोन ग्रॅम पूड वापरतो. त्या हिशेबाने वाटीतला फेस चार कपांचा झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते असे म्हटले आहे आणि दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा सल्ला दिला आहे. चार कपांची कॉफी एकाच पेल्यात घेतली, तर २०० ते २६० मिलिग्रॅम कॅफिन एका दमात पोटात जाते. दिवसभराच्या मर्यादेचा बहुतेक भाग त्यातच संपतो आणि आपल्या घरांतला सकाळचा, दुपारचा व पाहुण्यांबरोबरचा चहा अजून मोजलेलाच नसतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळची सुरक्षित मात्रा २०० मिलिग्रॅमपर्यंत धरली होती. ती तर येथे गाठली जाते, किंबहुना बहुधा ओलांडलीच जाते.

नेहमीच्या कॉफीत अशी गफलत सहसा होत नाही, कारण कपात जास्त पूड पडली की रंग गडद होतो, घोट कडू लागतो आणि हात आपोआप आवरतो. फेटलेल्या कॉफीत ही खूण उरत नाही. फेटताना तिच्यात हवा भरली जाते, आकारमान कितीतरी वाढते आणि काळपट तपकिरी पाक हळूहळू फिकट सोनेरी होत जातो. हा बदल कॉफी पातळ झाल्याने होत नाही. असंख्य बारीक बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरला जातो, म्हणून रंग फिका दिसतो. भरपूर साखर आणि गार दूध कडूपणा झाकतात. डोळा आणि जीभ हे दोन्ही मापाडी अशा रीतीने निकामी झाल्यावर विश्वास ठेवण्याजोगे उरते ते छापलेले प्रमाण. ते अर्धवट असणे म्हणूनच मला खटकते.

हे पेय घरी करू नये, असे मला मुळीच सुचवायचे नाही. उलट ते आपल्या भागाला फार सोयीचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा दुपारी गॅसपुढे उभे राहून चहा उकळण्यापेक्षा दोन चमचे पाणी गरम करून बाकीचे काम सावलीत बसून करणे केव्हाही बरे. यंत्र लागत नाही, आणि लागते ते सामान तालुक्याच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळते. म्हणूनच ते नीट समजावून सांगितले जावे, असे वाटते.

फेस का येतो, हे कळले म्हणजे तो का बिघडतो हेही कळते. इन्स्टंट कॉफी तयार करताना भाजून दळलेल्या बियांचा अर्क पाण्यात उतरवतात आणि तो अर्क वाळवून पूड करतात. या पुडीत कॉफीतली विरघळणारी प्रथिने, लांब साखळीची शर्कराद्रव्ये आणि भाजताना तयार झालेली तपकिरी द्रव्ये एकवटलेली असतात, तर बियांतले तेल बहुतांशी चोथ्याबरोबर मागे राहते. थोड्याच पाण्यात ही पूड विरघळवून जोराने फेटली की ती द्रव्ये प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पडदा धरतात. साखरेमुळे मधले पाणी पाकासारखे दाट होते, ते बुडबुड्यांमधून लवकर निथळत नाही, आणि फेस टिकतो. गाळलेल्या फिल्टर कॉफीचा असा फेस होत नाही, कारण तिच्यात पाणी फार असते, विरघळलेला अंश कमी असतो आणि थोडे तेलही उतरलेले असते. चांगली, ताजी भाजलेली कॉफी घरात असताना ही पूड कशाला, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की या एका कामापुरती पूडच योग्य आहे.

तेल किंवा तूप हा या फेसाचा वैरी आहे. स्निग्धांशाचा थेंब बुडबुड्याच्या पडद्यात शिरला की पडदा फाटतो. येथे मला आपल्या घरांतल्या एका वस्तूविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, ती म्हणजे लाकडी रवी. पुरवणीतील कृतीत विजेवर चालणारे फेटणीयंत्र सांगितले आहे. ते मुख्यतः अंडी फेटण्यासाठी घेतले जाते, आणि आपल्याकडच्या कितीतरी शाकाहारी घरांत ते नसते. रवी मात्र जवळजवळ प्रत्येक घरी असते आणि तिने हे काम फार चांगले होते. दोन तळव्यांमध्ये दांडा धरून ती फिरवली की तिचे दाते पाक कापत जातात आणि हवा आत ओढली जाते. यंत्राला दोन-तीन मिनिटे लागत असतील, तर रवीला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. मधे हात दुखला तर दुसऱ्याकडे द्यावी, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण ज्या रवीने ताक घुसळून लोणी काढले जाते, तीच धुवून या कामाला घेतली तर बहुधा फेस बसतो आणि गृहिणीला वाटते की पूड खराब निघाली. लाकडाच्या खाचांमध्ये लोण्याचा अंश मुरलेला असतो आणि तो साध्या पाण्याने जात नाही. रवी कडकडीत पाण्याने व साबणाने घासून उन्हात वाळवावी. शक्य असेल त्यांनी कॉफीसाठी लहानशी निराळी रवी ठेवावी, हे सर्वांत उत्तम. भांडेही अरुंद आणि खोलगट असावे, म्हणजे थोडासा पाक तळाशी पसरून न राहता रवीच्या दात्यांपर्यंत येतो. स्निग्धांशाच्याच कारणाने फेस तयार होण्यापूर्वी त्यात दूध घालू नये. आपल्याकडे घरोघरी म्हशीचे दूध असते आणि त्यावर जाड साय येते. ती साय काढून, दूध गाळून, चांगले गार करून घेतले तर वरचा फेस अधिक वेळ उभा राहतो.

ज्यांना साखर चालत नाही, त्यांच्यासाठी कृतीत एक ओळ असायला हवी होती. साखरेवाचूनही फेस येतो, फक्त तो लवकर उतरतो. ग्रीसमध्ये इन्स्टंट कॉफी गार पाण्यात घुसळून केलेले पेय घरोघरी आणि हॉटेलांत प्यायले जाते आणि ते बिनसाखरेचेही मागवता येते. १९५७ साली थेसालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय जत्रेत गरम पाणी हाताशी नसल्यामुळे कॉफी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने पूड, गार पाणी आणि बर्फ एकत्र हलवून पाहिले आणि तेथून ते रूढ झाले. घट्ट झाकणाच्या बरणीत एक छोटा चमचा पूड आणि तीन-चार चमचे गार पाणी घालून मिनिटभर जोराने हलवले की असा फेस आपल्यालाही मिळतो. मधुमेह असलेल्या घरच्या वडीलधाऱ्यांना तो लगेच द्यावा. बरणीत गरम पाणी मात्र घालू नये, कारण बंद भांड्यात वाफेचा दाब वाढून झाकण उडते आणि हात भाजतो. ज्यांना मधुमेह नाही, त्यांनीही खालच्या दुधात वेगळी साखर घालू नये. गोडी कमी वाटलीच, तर आपल्या रावेर-यावलकडचे एखादे पिकलेले केळे दुधात घुसळून घ्यावे, ते पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसारख्या गोडीचा वाटा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली ठेवावा असे सुचवले आहे. हे पाच टक्के म्हणजे सर्वसाधारण प्रौढ माणसाला सुमारे २५ ग्रॅम. छापलेल्या कृतीतील सगळी साखर एकाने घेतली, तर ते माप एका पेल्यातच भरते.

हे पेय परदेशातून आले, असा सूर त्या पानावर होता. त्यात अर्धेच तथ्य आहे. जानेवारी २०२० मध्ये एका दक्षिण कोरियन अभिनेत्याने मकाऊमधील उपाहारगृहात प्यायलेल्या फेटलेल्या कॉफीला कोरियातल्या साखरेच्या मिठाईवरून दालगोना हे नाव दिले, दूरचित्रवाणीवर ते दिसले आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत टाळेबंदीमुळे घरी बसलेल्या जगाने ते उचलले. पण कपात पूड, साखर आणि पाण्याचे चार थेंब घेऊन चमच्याने फेटत राहायचे आणि वर उकळते दूध ओतायचे, ही रीत आपल्या देशातील घरांत त्याच्या फार आधीपासून आहे. त्या जुन्या रीतीत प्रत्येकाच्या कपात प्रत्येकाची पूड वेगळी घातली जाई, त्यामुळे एका माणसाच्या वाट्याला चौघांची कॉफी येण्याचा प्रश्नच नव्हता. नव्या रीतीत फेस एकत्र होतो आणि नंतर वाटला जातो, म्हणून वाटणी सांगणे आवश्यक झाले.

सर्वांत अधिक काळजी मला विद्यार्थ्यांची वाटते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा व प्रवेश परीक्षांचा अभ्यास करतात. खोलीत स्वयंपाकाची सोय जेमतेम असते, दुधाची पिशवी आणि कॉफीची पुडी मात्र सहज मिळते, आणि रात्री जागण्यासाठी हे पेय त्यांना सोयीचे वाटते. निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला चार कपांची कॉफी घेतलेल्या मुलाच्या अंगात पहाटे तीनलाही दोन कपांइतके कॅफिन असते. अशा वेळी तो जागा राहतो हे खरे, पण नंतर अंथरुणावर पडला तरी त्याला गाढ झोप लागत नाही, आणि वाचलेले मनात ठसायला तीच झोप लागते. दुसऱ्या दिवशी वर्गात जड डोक्याने बसलेली अशी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. शाळकरी मुलांच्या बाबतीत तर माप वजनावर ठरते. वर उल्लेखिलेल्या युरोपीय प्राधिकरणाने मुलांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅमचा आकडा धरला आहे. तीस किलोच्या मुलाला तो ९० मिलिग्रॅम येतो, आणि चहा, कोला व चॉकलेट यांतले कॅफिनही त्यातच मोजायचे असते. छायाचित्रातला तो पेला अशा मुलाच्या हाती गेला तर मर्यादेच्या दुपटीहून अधिक कॅफिन त्याच्या पोटात जाईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुरवणीतील कृती मुलेच उत्साहाने करून पाहतात, हे आपणही जाणता. लहानांसाठी हे पेय नाही, अशी स्पष्ट सूचना कृतीखाली हवी. गरोदर स्त्रियांसाठीही हवी, कारण त्यांच्याकरिता दिवसाची मर्यादा त्याच प्राधिकरणाने २०० मिलिग्रॅम ठेवली आहे.

त्याच पानावर, जेवणानंतर गोड पदार्थाऐवजी हे पेय द्यावे, अशीही सूचना होती. ती मागे घ्यावी, अशी माझी विनंती आहे. चहा-कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते शरीरात नीट शोषले जात नाही. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेने जेवणाआधी व जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या घरात बाजरीची किंवा कळण्याची भाकरी आणि पालेभाजी यांतूनच लोह मिळायचे, तेथे त्या जेवणावर लगेच कॉफी देणे योग्य नाही. दुपारची झोप झाल्यावर, चारच्या सुमारास, तिची वेळ बरी.

वेष्टनाविषयी थोडेसे. दुकानात मिळणाऱ्या सगळ्या पुड्या निव्वळ कॉफीच्या नसतात. पुष्कळांमध्ये चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ, मिसळलेले असते. अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींची टक्केवारी वेष्टनावर छापावी लागते. चिकोरीत कॅफिन नसते, त्यामुळे मिश्रणाच्या फेसात ते त्या प्रमाणात कमी येते. माझा अनुभव असा की निव्वळ कॉफीचा फेस अधिक घट्ट बसतो. मिश्रण वापरणाऱ्यांनी थोडे अधिक फेटावे, पण फेस येईना म्हणून पूड वाढवत जाऊ नये. कोणती पूड वापरली, एवढे तरी कृतीत असावे.

वाचकांकडे ग्रॅम मोजण्याचा काटा नसतो, असे आपण म्हणाल. त्यावर सोपा उपाय आहे. एका कपासाठीच्या ज्या छोट्या पुड्या दुकानात टांगलेल्या असतात, त्यांवर निव्वळ वजन छापलेले असते. एका माणसामागे एक पुडी, हे माप कोणालाही कळेल आणि चमचा सपाट की शिगोशीग, हा वादच उरणार नाही. कोणाच्या घरी मोठा चमचा म्हणजे जेवणाचा, तर कोणाच्या घरी भाजी वाढायचा असतो, त्यामुळे ही खबरदारी मला अगत्याची वाटते.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या पुरवणीत ही कृती दुरुस्त करून पुन्हा द्यावी. छापलेले प्रमाण बदलण्याची गरज नाही. तेच चार पेल्यांसाठी आहे, असे शीर्षकाखाली ठळक लिहावे: कॉफी ८ ग्रॅमपर्यंत, साखर २५ ग्रॅम, गरम पाणी ३० मिलिलिटर, आणि प्रत्येक पेल्यात १५० ते २०० मिलिलिटर गार दूध. मग प्रत्येकाच्या वाट्याला सहा ग्रॅमच्या आसपास साखर आणि एका कपाएवढेच कॅफिन येईल. घरात दोघेच असतील, तर उरलेला फेस झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तळाशी थोडा पाक सुटलेला दिसतो, पण रवीचे चार वेढे दिले की तो पुन्हा मिळून येतो. छायाचित्रही चार पेल्यांचे घ्यावे.

आपली वाचक,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव